व्हॉल्व्हची पेटी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पलसाण्याला मिलमध्ये होतो. आत मशीनच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून गेटजवळ जाऊन उभा राहिलो. मोठ्या भावाला जाऊन वर्ष उलटलं होतं. वर्षश्राद्ध गावी करून वहिनी नवागामची खोली रिकामी करायला सुरतेला आली होती. आता ती कायमची गावीच राहणार होती. लेकीला जवळच दिलेली, तिचा आधार होता. मला वाटलं, सामानासाठी टेम्पो बघून द्यायला सांगत असेल. पण ती म्हणाली, "भाऊ, तुमनी पेटी पडेल शे आठे. लई जा."

तुमची पेटी इथे पडली आहे, घेऊन जा. कसली पेटी, मी विचारलं. त्या खोलीत माझं काहीच नव्हतं. लग्नानंतर मी कडोदऱ्याला फ्लॅट घेतला, तेव्हापासून भावाच्या घरी मी पाहुण्यासारखाच जायचो.

"गानानी पेटी," ती म्हणाली. गाण्याची पेटी.

मी गेटला टेकलो. ती पेटी मी वीस वर्षांपूर्वी विकली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन नवागामला गेलो. खोली अर्धी रिकामी झाली होती. भांड्यांची पोती दाराशी बांधून ठेवलेली. भिंतीवर देवाच्या फोटोंच्या जागी चौकोनी पांढरे डाग. कोपऱ्यात, जिथे नेहमी गाद्या-गोधड्यांची चळत असायची, तिथे वहिनीच्या जुन्या साडीच्या कापडाने शिवलेलं झाकण घातलेली एक वस्तू होती. वहिनीने झाकण ओढून काढलं. काळ्या रेक्झिनची पेटी, पुढे विटक्या कापडाची जाळी, वर सहा बटणं, त्यातलं एक रेडिओचं लावलेलं. आणि मूठ. मूळची मूठ तुटली होती, तेव्हा भावाने लूममधल्या, म्हणजे यंत्रमागातल्या, चामड्याच्या पट्ट्याची नवी मूठ करून चार खिळ्यांनी ठोकली होती. ते चामडं आता काळं पडून गुळगुळीत झालं होतं, पण खिळे तेच होते.

भाऊ गेला तेव्हा तीन दिवस मी याच खोलीत बसलो होतो. लोक भेटायला येत होते, मी भिंतीला लागून त्या गाद्यांच्या चळतीला पाठ टेकून बसायचो. गाद्यांच्या खाली काय आहे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी उचलून पाहिलं नाही.

या पेटीबद्दल थोडं सांगायला हवं. गिटारचा आवाज मोठा करणारा तो अँप्लिफायर होता, जुन्या तऱ्हेचा, व्हॉल्व्हवर चालणारा. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या लहान बाटल्यांसारख्या नळ्या. बटण दाबलं की लगेच आवाज येत नाही. आधी त्या नळ्यांमध्ये नारिंगी उजेड धरतो, त्या तापतात, आणि मग अर्ध्या-एक मिनिटाने पेटी जागी होते. आमच्या घरात तिला कोणी अँप्लिफायर म्हटलं नाही. पेटीच म्हणायचे.

तेव्हा आम्ही लिंबायतला राहत होतो. वडील अमळनेर तालुक्यातलं गाव सोडून सुरतेला लूमवर आले, त्यांच्यामागे भाऊ पंधराव्या वर्षी लूमवर लागला. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याने लूम चालवली म्हणून मला शाळेत जाता आलं, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. मला गिटारचा नाद लागला तो उधन्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यामुळे. त्याच्याकडे मी शिकलो आणि पुढे त्याच्याच पार्टीत वाजवायला लागलो. आमच्या खानदेशी लोकांची लग्नं, गणपतीची मंडळं, कधी गुजराती शेठलोकांकडचे कार्यक्रम. गिटार होती, पण ती जोडायला माझं स्वतःचं काही नव्हतं. पार्टीच्या भोंग्याच्या मशीनला जोडायचो आणि आवाज पत्र्यासारखा यायचा.

एका दिवाळीत भाऊ चौकातल्या जुन्या बाजारातून ही पेटी रिक्षात घालून घेऊन आला. नानपुऱ्यातल्या कुठल्याशा बंगल्यातून ती बाजारात आली होती म्हणे. कपड्यालत्त्याला म्हणून मिळालेला बोनस त्याने तिच्यात घातला. वडील बरेच बोलले. तो ऐकून घेत राहिला, किंवा त्याला नीट ऐकूच आलं नाही. कारण तोवर त्याचे कान जायला लागले होते.

लूमवर हे सगळ्यांचंच होतं. शंभर-शंभर मशीनं एका शेडमध्ये बारा तास आपटत असतात. तिथे कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. ओठ हलवतात, हात हलवतात, आणि समोरचा वाचतो. लूमवरचे लोक दहा मशीनं पलीकडच्या माणसाचे ओठ वाचतात. भावाला तिशीतच उजव्या कानाने जवळजवळ काही कळेनासं झालं, डाव्याने थोडं. तो मोठ्याने बोलायचा आणि आपल्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. बाहेरच्या माणसाला वाटायचं, हा भांडतोय.

पण आमच्या कार्यक्रमाला तो यायचा. समोर खुर्चीत कधी बसला नाही. स्टेजच्या मागे, पेटीला पाठ लावून उकिडवा बसायचा. एकदा मी चिडून विचारलं की लोकांसमोर असा मागे काय बसतोस. तो हसला आणि म्हणाला, "माले पाठवर ऐकू येस." मला पाठीवर ऐकू येतं. कुठलं गाणं चाललंय ते त्याला पाठीवरून ओळखता यायचं. ताल चुकला तर कार्यक्रम संपल्यावर सांगायचा, आणि त्याचं बरोबर असायचं.

चार-पाच वर्षं असं चाललं. मग मला पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात काम मिळालं. हळूहळू कलर मास्तरच्या हाताखाली शिकलो. लग्न झालं. ऑर्केस्ट्राही बदलत चालला होता. सगळ्यांना कीबोर्ड हवा होता, गिटारला काम उरलं नव्हतं. पार्टीवाल्याने एक दिवस सांगितलं की पुढच्या हंगामात तुझी गरज पडणार नाही. मला राग आला, लाजही वाटली, आणि त्या रागात मी ठरवलं की आता हे सगळं बंद. गिटार कुणी घेतली नाही म्हणून राहिली. पेटी उधन्याच्या एका साउंड सर्व्हिसवाल्याला देऊन टाकली. ती लिंबायतच्या घरातच होती. भाऊ कामावर गेलेला असताना मी टेम्पो आणला आणि ती उचलून दिली.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला. डबा ठेवला, हातपाय धुतले आणि त्याचं लक्ष रिकाम्या कोपऱ्याकडे गेलं. त्याने मला विचारलं, मी सांगितलं. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तू माले इचारं नही."

एवढंच. मला विचारलं नाहीस. त्याने शिवी दिली असती, हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी मान फिरवली. भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "त्याला काय विचारायचं, त्याला ऐकू तरी येतं का."

तोंड फिरवून बोललो ते मुद्दामच. समोर बोललो असतो तर त्याने वाचलं असतं. वहिनी स्टोव्हपाशी भाकरी करत होती. तिचे हात थांबले. भावाला एवढं कळलं की मी काहीतरी बोललो. त्याने पुढे वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय बोलना तू?"

"काही नही," मी म्हणालो, आणि तेवढं मात्र त्याच्याकडे तोंड करून म्हणालो.

त्यानंतर आमचं भांडण झालं असं नाही. सणावाराला भेटायचो, वडील गेले तेव्हा सगळं एकत्र केलं. फक्त तो माझ्याकडे पूर्वीसारखा येऊन बसेना, आणि मी पुढच्याच वर्षी कडोदऱ्याला राहायला गेलो. तोही लिंबायत सोडून नवागामला आला. मधे इतकी वर्षं गेली. आमच्यात काही बिनसलंय असं कोणाला विचारलं असतं तर कोणी हो म्हटलं नसतं.

नवागामच्या त्या रिकाम्या खोलीत मी वहिनीला विचारलं, ही इथे कशी आली.

तिने सांगितलं ते असं. सात-आठ वर्षांपूर्वी भावाची नजर कमी झाली आणि त्याला लूमवरून काढून गोडाऊनवर बसवलं. आठवड्याची सुट्टी मोकळी मिळायला लागली. जेवण झालं की तो निघून जायचा, कुठे ते सांगायचा नाही. तिला वाटायचं, गावच्या लोकांत जाऊन बसत असेल. बरेच महिने असे गेले. एक दिवस रिक्षातून ही पेटी घेऊन आला. उधन्याला एका मंडपवाल्याच्या गोडाऊनमध्ये, रंगाच्या डब्यांखाली सापडली होती. ज्याला मी विकली त्याने दुसऱ्याला दिली होती, त्याने तिसऱ्याला. भाऊ एकेका साउंडवाल्याकडे, मंडपवाल्याकडे हिंडत तिथवर पोचला होता. बहिरा माणूस. लोक त्याला काय सांगत असतील, तो त्यांच्या तोंडाकडे पाहून किती समजून घेत असेल. मूठ पाहून त्याने ओळखली, असं वहिनी म्हणाली. ती बंद पडलेली होती. त्याने एका मिस्त्रीकडे नेली, परत आणली, पुन्हा नेली, पुन्हा आणली. मग लॉकडाउन लागलं, ते दोघं गावी गेले. परत आले तेव्हा त्याच्यात जोर राहिला नव्हता. पेटी गाद्यांखाली राहिली.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

सांगू दिलं नाही, ती म्हणाली. मग झाकणाच्या कापडाची घडी करत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही त्या दिन जे बोलनात ना, ते मी त्यासले कधीच सांगं नही."

मला वाटत होतं, ती विसरली असेल. मी खाली बसलो. ती आत पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

पेटीच्या मागच्या फळीवर खडूने एक पत्ता लिहिलेला होता, भावाच्या अक्षरात. गुजराती आणि मराठी मिसळून, जसं तो लिहायचा. बेगमपुऱ्यातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचा. घरी न नेता मी ती तशीच रिक्षात घालून तिकडे घेऊन गेलो.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा होती. म्हातारा सुरती मिस्त्री, जाड काचांचा चष्मा, एकटाच. समोर जुने रेडिओ उघडे पडलेले. व्हॉल्व्हचं काम करणारा आता सुरतेत तो आणि अजून एखादा असेल, असं त्याने नंतर मला सांगितलं. मी पेटी पुढ्यात ठेवली तशी त्याने चष्मा वर केला आणि मूठ हातात धरून पाहिली. मग गुजरातीत विचारलं, तो बहिरा भाई कुठे आहे?

मी सांगितलं, तो माझा भाऊ, आणि तो गेला.

मिस्त्रीने मागची फळी उघडली. आतून धूळ आणि उंदराच्या लेंड्या पडल्या. स्पीकरचा कागद कुरतडला होता. एक व्हॉल्व्ह फुटला होता. कंडेन्सर सुकले होते. त्याने बॅटरी धरून आत पाहिलं आणि बोटाने एक जागा दाखवली. हा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलाय, म्हणाला, हाताने, तांब्याची तार घेऊन, चार दिवस लागले. जळून गेलेला होता. तुझ्या भावाला मी म्हटलं होतं, यातलं सगळं काढून टाकतो आणि नवं बोर्ड बसवतो, हलकं होईल, बिघडायचं नाही. त्याने ऐकलं नाही. जसं होतं तसंच पाहिजे म्हणाला. त्याला समजावून सांगायला मला कागदावर लिहावं लागायचं.

मी विचारलं, मग दुरुस्त झाली होती का?

झाली होती, मिस्त्री म्हणाला. मी चालू करून दिली. त्याने हात लावून पाहिलं, मग पाठ लावून बसला, इथेच, या पायरीवर. खूश झाला. मी म्हटलं, घेऊन जा. तर नको म्हणाला. म्हणाला, मला नुसता धक्का कळतो, सूर कळत नाही. सूर बरोबर आहे की नाही ते माझा भाऊ सांगेल. त्याला घेऊन येतो, त्याने एकदा वाजवून पाहिलं की नेतो.

पुढे मिस्त्री सांगत होता की महिना-दीड महिना पेटी इथेच पडून राहिली, जागा कमी म्हणून त्यानेच एक दिवस भावाला ती घेऊन जायला सांगितलं. पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मला एक रविवार आठवत होता.

त्या रविवारी भाऊ कडोदऱ्याला माझ्या घरी आला होता. न सांगता. कधी येत नसे तो. इस्त्रीचा शर्ट घातलेला. सोफ्याच्या कडेला बसून चहा प्यायला, माझ्या मुलीशी तिच्या गुजरातीत दोन शब्द बोलला, ती त्याच्या मोठ्या आवाजाला हसली तसा तोही हसला. मग मला म्हणाला की अर्धा दिवस सुरतेला चल. काय काम आहे, मी विचारलं. "तुनंच काम शे," तो म्हणाला. तुझंच काम आहे. "चाल तं खरं." त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, मला वाटलं, कोणाचं तरी लग्न जमवायचंय, किंवा गावच्या जमिनीचा काही कागद असेल. मिलमध्ये नवं मशीन बसत होतं, मला तिकडे जायचं होतं. जायलाच हवं होतं असंही नाही. माझ्याशिवाय त्यांचं अडलं नसतं. पण मी म्हणालो, पुढच्या रविवारी. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणालो, त्याला कळावं म्हणून. त्याने मान हलवली. उठला, चपला घातल्या. मी खालपर्यंत सोडायला गेलो नाही.

पुढच्या रविवारी मी फोन केला नाही. तोही आला नाही. त्याच्यापुढच्या रविवारीही नाही. तो पुन्हा विचारायला येणारा माणूस नव्हता, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मिस्त्रीने पेटी ठेवून घेतली. नवे व्हॉल्व्ह मुंबईहून मागवावे लागले, तीन आठवडे लागले. स्पीकरचा कागद दुरुस्त होण्यासारखा नव्हता, दुसरा स्पीकर बसवावा लागला. त्या तीन आठवड्यांत मी पलंगाच्या खणातून गिटार बाहेर काढली. तारा गंजून तुटल्या होत्या. नव्या आणून लावल्या. बोटं चालेनात. इतकी वर्षं रंग आणि सोडा हाताळून बोटांची कातडी कधी जाड होते, कधी सोलून निघते, पण तारेला लागते तशी ती राहिलेली नव्हती. रोज मिलमधून आलो की अर्धा तास बसायचो. बायकोने विचारलं नाही. मुलीने विचारलं, पप्पा, तुम्हाला हे येतं? तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या जन्माच्या आधीच मी ते सोडलं होतं, आणि घरात कधी त्याचा विषय काढला नव्हता.

मिस्त्रीचा निरोप आला तशी मी गिटार घेऊन गेलो. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नव्हतं. त्याने पेटी पायरीवर ठेवून बटण दाबलं. आम्ही दोघं वाट पाहत उभे राहिलो. मागच्या बाजूने नारिंगी उजेड दिसायला लागला, मग जळक्या धुळीचा वास आला, मग हलकी घरघर. मी तार छेडली.

आमच्या पार्टीत लग्नात नवरी मांडवात यायची तेव्हा मी एकटाच एक लहानशी धून वाजवायचो. माझीच केलेली, दोन ओळींची. तिच्याशिवाय मला त्या वेळी दुसरं काही आठवलं नाही. तीच वाजवली. दोन ठिकाणी अडखळलो. ती ऐकायला पेटीला पाठ लावून कोणी बसलेलं नव्हतं, आणि मला ते वाजवताना सारखं जाणवत होतं. दुसऱ्या वेळी वाजवायला लागलो तर पुढे हात चालेना. मी गिटार तशीच धरून उभा राहिलो.

मिस्त्रीने वाट पाहिली. मग विचारलं, बरोबर आहे?

खरं सांगायचं तर बरोबर नव्हतं. स्पीकर नवा होता, त्याचा आवाज कोरडा होता. खालचे सूर पूर्वी ज्या तऱ्हेने भरून यायचे तसे येत नव्हते. भावाने आणलेल्या पेटीचा तो आवाज नव्हता. त्या रविवारी मी त्याच्याबरोबर आलो असतो, तर जुन्या स्पीकरवर, उंदराने कुरतडायच्या आधी, मला तो ऐकायला मिळाला असता, आणि मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं असतं. तो तेवढ्यासाठीच थांबला होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मिस्त्रीने मान हलवली. त्याला कळलं असावं. त्याने बटण बंद केलं, फळी बसवली आणि स्क्रू आवळत राहिला.

पेटी आता माझ्या घरी आहे. खिडकीखाली ठेवली आहे. तिच्यावर काही ठेवायचं नाही असं मी घरात सांगितलंय. कधीकधी मुलगी कॉलेजातून आली की बटण दाबते, व्हॉल्व्ह पेटताना पाहायला तिला आवडतं. मी वाजवतो, पण फार वेळ नाही.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. भावाला मुलगा नाही, म्हणून घागर मी भरायची होती. सुरतेहून सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरलो आणि तिथून गावी गेलो. वहिनीने अंगण सारवून ठेवलं होतं. मातीची नवी घागर पाण्याने भरून मांडली, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला आंबे. मी गंध लावलं, फूल वाहिलं. चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळी, आमरस, तूप असा एकेक घास सोडला. थोडा आमरस निखाऱ्याबाहेर सांडला. वहिनीने बाजूने पुसून घेतलं.

आम्ही दोघंच होतो. लेक संध्याकाळी येणार होती. मला जेवायला वाढण्याआधी ती बसली होती, तेव्हा मी तिला मिस्त्रीचं सगळं सांगितलं. भाऊ त्या रविवारी मला कशासाठी न्यायला आला होता, तेही. सांगताना मला वाटत होतं, आता ती काहीतरी बोलेल, आणि तिने बोलावं असंच मला वाटत होतं.

तिला तो रविवार आठवत होता. शर्टाला इस्त्री तिनेच करून दिली होती. संध्याकाळी तो परत आला तेव्हा तिने विचारलं की मी बरोबर आलो नाही का.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काममां शे तो, म्हने. मोठी मिल शे, त्यानाबिगर चालत नही." तिने माझं ताट घेतलं. "खूश व्हतात."

तो खरंच खूश होता, की तिच्यापुढे तसं म्हणाला, की माझं मन राखायला ती आता तसं सांगत होती, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. तिने ताट पुढे सरकवलं, वाटीत आमरस वाढला, आणि पोटभर जेवा म्हणाली. मी जेवायला बसलो.